समुद्रात चाळीस मैलांवर छातीत दुखलं तर?

(आमच्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून थोडी आवरली आहेत.)



आजचा विषय आपल्या पट्ट्यातला आहे. सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी, तारापूर, चिंचणी, वरोर, डहाणू, झाई. या गावांतून रोज किती बोटी बाहेर पडतात ते तुम्हाला माहीतच आहे. पापलेटचा भाव, डिझेलचा भाव, बर्फाचा भाव, सगळ्याची चर्चा होते. पण एक प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. बोट लांब समुद्रात आहे आणि एखादा खलाशी आजारी पडला किंवा जखमी झाला, तर त्याच्यापर्यंत डॉक्टर पोहोचतो कसा?

थोडक्यात उत्तर असं, की डॉक्टर बहुतेक वेळा पोहोचत नाही. पोहोचू शकतो तो डॉक्टरचा सल्ला, आणि मग कोस्ट गार्ड. पण त्यासाठी बोटीवरून खबर वेळेत निघावी लागते. सगळं घोडं तिथेच अडतं. म्हणून आज मी ही साखळी एकेक कडी घेऊन सांगणार आहे.

आधी गणित मांडू

समजा, दालद्याची एक बोट किनाऱ्यापासून ४० सागरी मैलांवर आहे. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणजे झाले साधारण ७४ किलोमीटर. रात्रीचे दोन वाजलेत. पन्नाशीचा एक खलाशी उठून बसतो. छातीवर दाब, अंगाला दरदरून घाम, डावा हात जड.

पहिलं वाक्य काय ऐकू येणार? "गॅस झाला असेल, सोडा दे." अर्धा तास जातो. मग "जरा पड, बरं वाटेल." आणखी एक तास जातो. जाळं पाण्यात आहे, ते ओढायला वेळ लागणार. शेवटी साडेचार वाजता तांडेल ठरवतो, की चला, परत फिरू.

बोट ताशी ७ मैलांनी आली तर ४० मैलांना पावणेसहा तास लागतात. म्हणजे सकाळचे सव्वादहा. दुखणं सुरू होऊन सव्वाआठ तास झाले आणि माणूस अजून फक्त किनाऱ्याशी आलाय. हार्ट अटॅकमध्ये बंद पडलेली रक्तवाहिनी जितकी लवकर उघडेल तितका हृदयाचा भाग वाचतो, आणि पहिले दोन तास सगळ्यात मोलाचे. ते तर सोड्यातच गेले.

पॅरालिसिसचा झटका असेल तर हिशोब आणखी कडक. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन करून. ४० मैलांवरून स्वतःच्या इंजिनवर येणारी बोट त्या वेळेत पोहोचूच शकत नाही. लक्षणं दिसल्या क्षणी वळली तरी नाही.

तांडेलला मी दोष देत नाही. फेरीचं डिझेल, बर्फ, राशन सगळं उधारीवर भरलेलं असतं. एका माणसाच्या "थोडं दुखतंय" वर अख्खी फेरी सोडायची म्हणजे बाकीच्यांच्या पोटावर पाय. पण इथेच एक गफलत होते. खबर देणं आणि परत फिरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परत फिरायचं की नाही ते नंतर ठरवा. खबर आधी द्या. ती द्यायला डिझेल लागत नाही.

मोबाईलला रेंज नाही, मग कळवायचं कसं?

किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की मोबाईल मुका होतो. मग तीन मार्ग उरतात.

पहिला, व्हीएचएफ रेडिओ. चॅनल १६ हा जगभर संकटासाठी राखलेला चॅनल आहे. व्हीएचएफ साधारण नजरेच्या रेषेत चालतो, त्यामुळे लहान बोटीच्या अँटेनावरून किनारा गाठेलच असं नाही. पण मधे दुसरी बोट असते. ती ऐकते आणि पुढच्या बोटीला किंवा किनाऱ्याला सांगते. एका बोटीने दुसरीला निरोप देणं आपल्या कोळीवाड्यांना नवीन नाही.

दुसरा, डॅट, म्हणजे डिस्ट्रेस अलर्ट ट्रान्समीटर. इस्रोने बनवलेलं हे यंत्र २०१० पासून वापरात आहे. बटण दाबलं की बोटीचं ठिकाण उपग्रहामार्फत बंगळुरूच्या केंद्रात जातं आणि तिथून कोस्ट गार्डकडे. यात आग, बोट बुडणं, माणूस पाण्यात पडणं आणि वैद्यकीय मदत असे संकटाचे वेगवेगळे प्रकार कळवता येतात. म्हणजे "मेडिकल" साठी सोय आहे. खूप जणांच्या डोक्यात असं असतं, की हे यंत्र बोट बुडत असेल तरच वापरायचं. तसं नाही. जुन्या डॅटची अडचण एकच होती. संदेश जायचा, पण पोहोचला की नाही ते बोटीवर कळायचं नाही. जानेवारी २०२४ मध्ये इस्रोने याची दुसरी पिढी आणली, त्यात पोच येते. "तुमची खबर मिळाली" हे कळल्यावर बोटीवरच्या माणसांचा धीर किती वाढतो, याचा विचार करा.

तिसरा मार्ग ट्रान्सपाँडर, आणि त्याची सुरुवात आपल्याच जिल्ह्यात झाली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. मच्छीमारांचा त्या बंदराला असलेला विरोध तुम्हाला ठाऊक आहेच, तो वेगळ्या भागाचा विषय. पण त्याच कार्यक्रमात देशभरातल्या १ लाख मासेमारी बोटींवर ट्रान्सपाँडर बसवायची योजना सुरू झाली. हे यंत्र ब्लूटूथने तांडेलच्या मोबाईलला जोडता येतं आणि नभमित्र नावाच्या अॅपमधून, रेंज नसतानाही, उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी छोटे संदेश पाठवता येतात. म्हणजे खोल समुद्रातून "माणूस आजारी आहे" असं लिहून पाठवता येतं आणि उत्तरही येतं.

यंत्र बोटीवर आहे, पण वापरायला एकट्या तांडेललाच येतं, असं असेल तर? आणि आजारी तोच पडला तर? यंत्र कसं चालवायचं हे किमान दोघांना आलं पाहिजे.

खबर गेली, पुढे काय होतं?

आपल्या किनाऱ्यावरच्या समुद्री बचावाचं काम कोस्ट गार्डच्या मुंबईतल्या बचाव समन्वय केंद्राकडून चालतं. फोनवरचा टोल-फ्री नंबर १५५४. हा नंबर सेव्ह करून ठेवा, आता लगेच. सागरी पोलिसांचा नंबर १०९३.

केंद्राला खबर मिळाली की ते बघतात, जवळ कोण आहे. कोस्ट गार्डचं जहाज? एखादं व्यापारी जहाज? दुसरी मासेमारी बोट? आपल्या भागात डहाणूला कोस्ट गार्डचं स्टेशन आहे आणि दमणला हवाई तळ, जिथून हेलिकॉप्टर उडतं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पालघरच्या किनाऱ्याजवळ गॅल कन्स्ट्रक्टर नावाचा बार्ज अडकला होता. त्यावरच्या १३७ जणांना बाहेर काढताना हेलिकॉप्टर किती कामी येतं ते आपण पाहिलं.

पण हेलिकॉप्टर म्हणजे रिक्षा नव्हे. अंतर, इंधन, हवा, रात्र, सगळं बघावं लागतं. मासेमारी बोटीवर मास्ट, दोऱ्या, झेंड्याच्या काठ्या असतात, त्यात केबल अडकायचा धोका असतो. म्हणून पुष्कळदा रुग्णाला आधी कोस्ट गार्डच्या जहाजावर घेतात. हेलिकॉप्टर आलंच, तर दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. वरून येणारी केबल आधी डेकला किंवा पाण्याला लागू द्या, मगच हात लावा, कारण तिच्यात स्थिर वीज साठलेली असते आणि जोरदार झटका बसतो. आणि केबलचा हुक बोटीला कधीच बांधू नका.

कोणी निघायच्या आधी येतो तो सल्ला. रेडिओवरून डॉक्टरी सल्ला ही जुनी गोष्ट आहे. १९३५ मध्ये रोममध्ये यासाठी सीआयआरएम नावाचं केंद्र सुरू झालं आणि त्याचे पहिले अध्यक्ष होते रेडिओवाले मार्कोनी. जहाजावरचा माणूस लक्षणं सांगणार, किनाऱ्यावरचा डॉक्टर उपाय सांगणार. पद्धत आजही तीच आहे.

म्हणून नीट सांगता येणं महत्त्वाचं. "माणूस सीरियस आहे" एवढ्याने डॉक्टरला काही कळत नाही. हे सांगा:

– बोटीचं नाव, नंबर आणि जीपीएसवरचं ठिकाण
– रुग्णाचं वय, काय झालं, किती वाजता झालं
– शुद्धीवर आहे का, बोलतोय का, श्वास कसा चाललाय, रक्त जातंय का
– आधीचा बीपी, शुगर, हृदयाचा त्रास, चालू गोळ्या, कशाची अॅलर्जी
– बोटीवर कोणती औषधं आहेत
– बोट कुठल्या दिशेला, किती वेगाने चाललीय

तोपर्यंत बोटीवर काय करायचं?

हे डॉक्टरच्या सल्ल्याला पर्याय म्हणून नाही, सल्ला मिळेपर्यंतचं सांगतोय.

छातीत दुखतंय तर माणसाला अर्धवट बसवा, एक पाऊलही चालवू नका. अॅस्पिरिनची अॅलर्जी नसेल आणि कुठून रक्त जात नसेल, तर ३०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन चावून खायला देतात. जिभेखालची सॉर्बिट्रेट मात्र विचारल्याशिवाय देऊ नका, बीपी एकदम खाली येऊ शकतं. तोंड वाकडं, एका बाजूचा हात-पाय लुळा, बोलणं अडखळतंय, असं असेल तर अॅस्पिरिनही नको. मेंदूत रक्तस्राव झालेला असू शकतो.

विंचमध्ये किंवा दोरीत हात सापडला, रक्त वाहतंय. स्वच्छ कापडाने सरळ जखमेवर घट्ट दाबा आणि दाब सोडू नका. सारखं उघडून बघू नका. दाबूनही धार थांबत नसेल तरच जखमेच्या वर रुंद पट्टी आवळा, वेळ लिहून ठेवा आणि ती मधेच सैल करू नका. हाताचं बोट तुटलं असेल, तर ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. आपल्या बोटींवर बर्फ भरपूर, त्यामुळे ते सरळ बर्फात टाकायचा मोह होतो. तसं केलं तर ते गोठून वाया जातं.

पाकटाचा किंवा शिंगाळ्याचा काटा लागला तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवा. वेदना खूप उतरते. पाणी आधी दुसऱ्याने हात घालून बघायचं, कारण जखमी माणसाला चटका कळत नाही. काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल तर उपटायचा नाही.

समुद्री साप डोल जाळ्यात येतात हे तुम्हाला माहीत आहे. तो चावला तर सुरुवातीला फार दुखत नाही, म्हणून माणूस "काही नाही झालं" म्हणून परत कामाला लागतो. मग अर्ध्या तासापासून काही तासांत अंग आखडतं, स्नायू दुखतात, पापण्या जड होतात, लघवी काळपट होते, आणि शेवटी श्वास अडकतो. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार जमिनीवरच्या सापांसाठी आहे, समुद्री सापासाठी नाही. अशा रुग्णाला व्हेंटिलेटर आणि डायलिसिस असलेलं हॉस्पिटल लागू शकतं. म्हणून खबर देतानाच "समुद्री साप" हे शब्द आले पाहिजेत. चावलेला भाग हलू देऊ नका, फळीला बांधा. चिरा देऊ नका, तोंडाने ओढू नका.

आणखी एक, जिच्यात एकाच्या मागे दुसरा असे जीव जातात. मासळी ठेवायच्या खणात मासे कुजले की विषारी वायू साठतो. आत उतरलेला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उडी मारतो आणि तोही कोसळतो. आत उडी मारायची नाही. झाकणं उघडा, हवा जाऊ द्या, आणि माणसाला दोरीने वर घ्या. पाण्यातून काढलेला माणूस श्वास घेत नसेल, तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबा. पोट दाबून पाणी काढत बसू नका.

कुठल्या बंदरात आणायचं?

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो फक्त आपल्या किनाऱ्याला कळेल. सातपाटीची खाडी गाळाने भरलीय. ओहोटीला बोट आत येत नाही, भरतीची वाट बघत बाहेर थांबावं लागतं. ओहोटी ते भरती म्हणजे साधारण सहा तास. आपल्या पट्ट्यातल्या बाकी खाड्यांचंही थोड्याफार फरकाने तेच. म्हणजे मघाचा आपला रुग्ण सव्वादहाला दारात आला आणि ओहोटी असली, तर घर डोळ्यांसमोर आणि माणूस पाण्यात.

म्हणून परत फिरतानाच बघायचं, की आपण पोहोचू तेव्हा पाणी कुठे असेल. उधाण आहे की भांग? गावच्या खाडीत शिरता येईल, की दुसरं बंदर बरं? की कोस्ट गार्डलाच बाहेर बोलवायचं? दुसरा प्रश्न हॉस्पिटलचा. सातपाटीहून पालघरचं ग्रामीण रुग्णालय जवळ, डहाणूला उपजिल्हा रुग्णालय. पण अँजिओप्लास्टी किंवा मेंदूची शस्त्रक्रिया लागली, तर आपल्याकडचे लोक वापी, वलसाड, सिल्वासा नाहीतर मुंबई गाठतात. मग उत्तरेला असलेल्या बोटीने आधी गावी यायचं आणि पुन्हा गाडीने उत्तरेला जायचं, यात काय अर्थ? आजारी माणसाचं बंदर हॉस्पिटल बघून ठरवायचं. आणि बोट लागायच्या आधी १०८ ची गाडी धक्क्यावर उभी असली पाहिजे. ते काम किनाऱ्यावरच्यांचं.

मोठ्या जहाजावर सक्ती, आपल्या बोटीवर?

आपल्या बोटींच्या बाजूने जी मोठी मालवाहू जहाजं जातात, त्यांच्यावर औषधांची पेटी असते, प्रशिक्षित माणूस असतो, रेडिओवर डॉक्टरी सल्ल्याची सोय असते. सागरी कामगारांच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय कराराने ती सक्तीची केलीय आणि भारताने तो करार २०१५ मध्ये मान्य केला. पण त्या करारातून मासेमारी बोटी वगळलेल्या आहेत.

मच्छीमारांसाठी वेगळा करार आहे, २००७ चा, क्रमांक १८८. तो १६ नोव्हेंबर २०१७ पासून जगात लागू झाला. बोटीवर योग्य औषधं हवीत, प्रथमोपचार शिकलेला किमान एक माणूस हवा, किनाऱ्यावरच्या डॉक्टरशी बोलायची सोय हवी, आणि गंभीर रुग्णाला वेळेत किनाऱ्यावर नेणं हा त्याचा हक्क, असं त्यात लिहिलंय. थायलंडने तो २०१९ मध्ये स्वीकारला. भारताने स्वीकारलेला नाही. समुद्र तोच, लाट तीच, पण छातीत दुखलं तर जहाजावरच्या माणसाचा हक्क आणि आपल्या खलाशाचं नशीब.

पैशाचंही तसंच. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतल्या अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर २.५ लाख आणि अपघातामुळे हॉस्पिटलात राहावं लागलं तर २५ हजार रुपये मिळतात. हप्ता मच्छीमाराला भरावा लागत नाही. पण नाव नीट बघा, *अपघात* विमा. हार्ट अटॅक हा अपघात नाही, आजार आहे. आजारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, योजनेतल्या हॉस्पिटलात. त्याची कागदपत्रं फेरीला जाण्याआधी घरात तयार हवीत.

आपल्या जिल्ह्यातले, विशेषतः डहाणू-तलासरीचे, कितीतरी आदिवासी भाऊ गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. ते घरापासून शेकडो मैल दूर असतात. त्यांचं नाव कुठल्या विम्यात आहे, बोटीचा नंबर काय, मालकाचा फोन काय, हे घरी लिहिलेलं असतं का? विचारा.

तुम्ही काय करू शकता?

तुमच्यातले बरेच जण बोटीवर जात नाहीत. बोईसरला एमआयडीसीत कामाला आहात, कॉलेजात आहात. पण बाबा, काका, भाऊ जातो. मग हे करा.

घरातल्या माणसाचं रक्तगट, आजार, गोळ्या, अॅलर्जी एका कागदावर लिहा, त्याचा फोटो काढा आणि फेरीआधी बोटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. एक प्रत प्लास्टिकमध्ये घालून बोटीवर. बीपी-शुगरच्या गोळ्या फेरीच्या दिवसांपेक्षा चार जास्त बांधून द्या. डॅटच्या नोंदणीत घरचा कुठला नंबर दिलाय ते तपासा. बंद पडलेलं सिम असेल तर खबर कोणाला येणार? ट्रान्सपाँडर बसलाय का, अॅप चालतं का, ते धक्क्यावरच एकदा करून बघा. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत जाळी विणली जातात, बोटी रंगवल्या जातात. त्यातलाच एक दिवस काढून प्रत्येक बोटीच्या दोन माणसांना प्रथमोपचार आणि छाती दाबायचं शिकवता येईल. सोसायटीत हा विषय तुम्हीच काढा. मोबाईल तुमच्या हातात जास्त चालतो, घरातली मोठी माणसं ऐकतील.

तर मंडळी, आजचा भाग इथेच थांबवतो. ज्यांच्या घरून बोट जाते त्यांना हा नक्की पाठवा. १५५४ सेव्ह केला का? नसेल केला तर आधी तो करा, मग पुढचा भाग लावा. भेटू!